तुमच्या अंगणात किती पडला?

वहीवाला
८ जून, सकाळी ९:४०

बाबांना जाऊन गेल्या आठवड्यात वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकल्यावर आई म्हणाली, आता त्यांचं कपाट मोकळं कर. कपड्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्यांच्या पावसाच्या वह्या निघाल्या. पहिली १९८८ सालची, शेवटची गेल्या वर्षीच्या मे महिन्यात अर्ध्यावर थांबलेली.

बाबा हायस्कूलला भूगोल शिकवायचे. शाळेनं मोडीत काढलेलं पर्जन्यमापक त्यांनी घरी आणून अंगणात बसवलं होतं. वर दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, खाली चार लिटरची बाटली. रोज सकाळी साडेआठला छत्री घेऊन जायचे, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचे, ते डोळ्यांसमोर धरायचे आणि दशांशापर्यंत आकडा लिहायचे. लग्नाकार्याला गावाला गेले तर हे काम शेजारच्या पोराकडे. त्याचे आकडे वहीत हिरव्या शाईनं आहेत, म्हणजे जबाबदारी कुणाची ते कळावं.

आमचं गाव वाईच्या पश्चिमेला, धोमच्या जलाशयाच्याही वरच्या अंगाला. आमच्या डोक्यावर महाबळेश्वरचं पठार. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस. तिथून रस्त्यानं विसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे साधारण तिसरा हिस्सा. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की त्याच्याही निम्म्यावर. बाबा वर्गात सांगायचे, सकाळच्या एसटीनं महाबळेश्वरहून निघा, जेवायच्या आत तीन देश बघून याल.

वह्यांत नुसते आकडे असतील असं वाटलं होतं. पण कडेला बारीक अक्षरात काहीबाही लिहिलंय. "१४.२. कपिला व्याली." "०.०. ढग आले, बघून गेले." "३१.६. नवीन कौलं गळतात, गवंड्याला निरोप." मी दोन रात्री जागून वाचत बसलो. आणि मग एक पान आलं, २३ जुलै २०२१ चं. तिथे आकडाच नाही. फक्त दोन शब्द: "भरून वाहिलं."

तेहतीस वर्षं दशांश न सोडणाऱ्या माणसानं त्या दिवशी आकडा लिहिला नाही. ते पान उघडं ठेवून मी बराच वेळ बसलो होतो.

परवा नरसाळं घासून पुसून पुन्हा बसवलं. कालपासून मृग. आज सकाळी बाटली कोरडी. तुमच्याकडे काय? किती पडला, कधी पडला, आणि कुठला पाऊस तुमच्या डोक्यातून जात नाही, सगळं लिहा.


चष्मिष्ट
८ जून, सकाळी १०:०५

आमच्या बाल्कनीत ०. सोसायटीच्या टाकीतही ०. टँकरवाल्याच्या चेहऱ्यावर मात्र मुसळधार आनंद.

बाकी लेख आवडला. वडिलांची ती "बघून गेले" नोंद कातिल.


सव्वाआठची लोकल
८ जून, दुपारी १:३०

डोक्यातून न जाणारा म्हणाल तर मुंबईकरांकडून दुसरं उत्तर येणार नाही. २६ जुलै २००५.

पण माझी गोष्ट जरा उलटी आहे. मी त्या दिवशी फोर्टला, ऑफिसात. खिडकीतून बघावं तर आपला नेहमीचा जुलैचा पाऊस. तीनच्या सुमाराला सांताक्रूझहून बहिणीचा फोन आला, "ताई, जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाणी आहे." मी तिला चक्क रागावले! म्हटलं, काहीतरीच काय, इथे तर छत्रीसुद्धा धड भिजत नाही. तेवढ्यात फोन तुटला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी. कुलाब्याला ७३. एकाच शहरात. मधलं अंतर लोकलनं अर्ध्या-पाऊण तासाचं.

मी चालत निघाले होते. दादरपर्यंत गुडघाभर पाणी, माहीमच्या पुढे लोकांनी दोर धरले होते. सायनला वळणाऱ्या एका अनोळखी बाईनं मला तिच्या चाळीत नेलं. तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्या रात्री आम्ही अकरा जणी होतो. पहाटे पाऊस ओसरला तेव्हा एकदम शांत झालं आणि मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. बहीण सुखरूप होती, वरच्या मजल्यावर. त्या रागावल्याबद्दल अजून मी तिची माफी मागते आणि ती अजून मला चिडवते.


ढगाआड
८ जून, रात्री ९:१५

वहीवाला, वडिलांना नमस्कार. मी आयुष्यभर हवामानाच्याच कामात होतो, आता निवृत्त. असे निरीक्षक होते म्हणून आम्ही होतो.

साडेआठची वेळ त्यांनी उगाच धरलेली नाही. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असाच मोजतात आणि दुसऱ्या दिवसाच्या तारखेला मांडतात. त्यामुळे २३ तारखेची नोंद म्हणजे मुख्यतः २२ चा दिवस आणि रात्र.

सव्वाआठताईंच्या ९४४ विषयी. मिमी म्हटलं की लोकांना ती पट्टीवरची रेघ वाटते. एक मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे त्या दिवशी सांताक्रूझच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी ओतलं गेलं, आणि त्यातलं बहुतेक दुपारी अडीचनंतरच्या काही तासांत. एका एकरावर नुसता १०० मिमी पडला तरी चार लाख लिटर होतात. ते जायचं कुठे? वर दुपारची भरती, समुद्र पाणी घ्यायला तयार नाही, मिठी नदीचा गळा आधीच आवळलेला.

आणि एका शहरात ९४४ नि ७३ कसे? पावसाळी ढगांची उतरंड फार रुंद असतेच असं नाही. एखादी उभी भिंत बारा-पंधरा किलोमीटर उंच चढते, तिच्या पायथ्याला समुद्रावरून दमट वारा सतत इंधन पुरवत राहतो आणि ती जागची हलत नाही. तिच्याखाली जो असतो तो सापडतो. दहा कोसांवरचा माणूस चहा पीत खिडकीतून बघत असतो.

अवांतर: ९४४ ला अजून लोक "ढगफुटी" म्हणतात. तासाभरात १०० मिमी किंवा जास्त, तोही वीस-तीस चौरस किलोमीटरएवढ्या टापूत, त्याला ढगफुटी म्हणायचं. प्रत्येक मोठ्या सरीला हा शब्द वापरला की खऱ्या वेळी शब्द उरत नाही.


चष्मिष्ट
८ जून, रात्री ९:४०

ढगाआड, आता सापडलात! गेल्या वर्षी मुलाच्या वाढदिवसाला तुमच्या लोकांनी "तुरळक ठिकाणी मुसळधार" सांगितलं. मी गच्चीवरचा मांडव रद्द केला. कडकडीत ऊन पडलं. भाड्याचे पैसेही गेले आणि बायकोनं वर्षभर ऐकवलं. तुरळक म्हणजे नक्की काय हो? नाणं उडवता का?


ढगाआड
८ जून, रात्री १०:२०

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, स्मशानात आणि दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारला गेला आहे.

या शब्दांना माप असतं. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नासपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" पंच्याहत्तरपर्यंत, त्यापुढे "बहुतांश ठिकाणी". तुमच्या मांडवाच्या वेळी चार केंद्रांतल्या तीन जागी कोरडं असतं तरी तो अंदाज बरोबरच होता. मुसळधारलाही असंच माप आहे. ६४.५ मिमीला सुरुवात, ११५.६ च्या पुढे अति, २०४.५ च्या पुढे अत्यंत.

हे सगळं आम्ही लोकांना नीट सांगितलं नाही हा मात्र आमचा दोष. पुण्यात आमच्या ऑफिसला लोक अजून "सिमला ऑफिस" म्हणतात. कचेरी सिमल्याहून आली १९२८ साली! नाव लक्षात राहिलं, तुरळकचा अर्थ राहिला नाही.


माणदेशी
९ जून, सकाळी ७:५०

तुम्ही लोक पाणी किती पडलं त्याच्या गोष्टी सांगताय. मी न पडलेल्याची सांगतो.

वहीवाल्या गुरुजींच्या एसटीला चौथा थांबा द्या. वाईवरून साताऱ्याकडं या आणि तसंच पूर्वेला निघा, दहिवडी, म्हसवड. जिल्हा एकच. पाऊस वर्षाला पाचशेच्या आत-बाहेर. महाबळेश्वरला पावसाळ्यात जे एका दिवसात पडू शकतं ते आम्हाला वर्षभर पुरवून खायचं असतं. ढग आमच्याकडं येत नाहीत असं नाही. रोज येतात. जून-जुलैत पश्चिमेकडून काळेभोर कळप येतात, वारा सोसाट्याचा, पोरं ओरडतात आला आला, आणि ते सरळ डोक्यावरून निघून जातात. त्यांचं पाणी सह्याद्रीनं आधीच काढून घेतलेलं असतं. आमच्या वाट्याला सावली.

आमची आजी १९७२ चं सांगायची. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरायचं. रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, पाझर तलावाचा बांध घालायचा, आणि दुपारी सुकडी मिळायची. मिलोची लाल भाकरी. तिला विचारलं, सगळ्यात वाईट काय होतं? मला वाटलं भूक म्हणेल. ती म्हणाली, "आभाळ लई सुंदर दिसायचं रे. निळं निळं. एक डाग नाही. बघून अंगावर काटा यायचा."

पूर एका रात्रीत येतो, फोटो निघतात, मंत्री येतात. दुष्काळाचा फोटो काढायचा तर कधी काढणार? तो आला कधी हेच कुणाला कळत नाही.


वहीवाला
९ जून, सकाळी ८:५५

माणदेशी, निळ्या आभाळाचं वाक्य बाबांच्या वहीत उतरवून घेतलंय. चालेल ना?

आज: ०.०.


रोठा
११ जून, रात्री ८:३०

श्रीवर्धनकडचा. हँडल आमच्या सुपारीचं आहे. तीन दिवस लिहू की नको करत होतो. दर जूनला हा विषय निघाला की घरात कुणीतरी उठून आत जातं.

३ जून २०२०. चक्रीवादळाचं नाव होतं निसर्ग. नवीन नावांच्या यादीतलं ते पहिलंच, बांगलादेशानं सुचवलेलं. नाव ऐकून आम्ही हसलो होतो. आधीच लॉकडाऊन, आगोटीची बेगमी कशीबशी भरलेली, गावात चिटपाखरू नाही. आदल्या संध्याकाळी समुद्र इतका गप्प होता की माझे काका पुळणीवर जाऊन आले आणि म्हणाले, हे काही खरं नाही, मतलई सुटायच्या वेळेला पानही हलत नाहीये.

सकाळी दहापर्यंत पाऊस आणि झोत. मग वारा सुरू झाला तो पूर्वेकडून, डोंगरावरून. आम्ही पिढ्यान्पिढ्या घरं बांधली ती समुद्राच्या वाऱ्याचा विचार करून. पश्चिमेला पडवी उतरती, तिकडे दारं कमी. हा आला पाठीमागून. मागच्या पडवीची कौलं एकेक करून नाही गेली, पुस्तकाचं पान उलटावं तसा अख्खा पाखा उलटला. मग वारा दक्षिणेला फिरला, आणि शेवटी समुद्राकडून. म्हणजे एकाच झाडाला तीन बाजूंनी पिरगाळलं. ताशी ११०-१२० किलोमीटर म्हणतात. मी मोजला नाही. आवाज एवढा होता की माजघरात शेजारी बसलेल्या आईचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द ऐकू येत नव्हते.

माड मुळासकट गेले. सुपारी मात्र मधूनच तुटते. काडी मोडल्यासारखा कडक् आवाज येतो. सुरुवातीला आम्ही मोजत होतो. चाळीसपर्यंत मोजले. मग आईनं हात धरून थांबवलं.

चारच्या सुमाराला बाहेर आलो. मला सगळ्यात आधी काय दिसलं सांगू? ऊन. आमच्या वाडीत जमिनीवर कधी ऊन पडलेलं मी पाहिलं नव्हतं. माडाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल, खाली केळ, जायफळ, भर दुपारी आत गेलं तरी डोळ्यांना थंड वाटायचं. आणि तिथे आता लख्ख उजेड. पलीकडच्या आळीतलं देऊळ दिसत होतं. ते आमच्या घरातून दिसतं हेच मला माहीत नव्हतं. काका उजेडात उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. सत्तरीचा माणूस.

वीज यायला कितीतरी आठवडे लागले. पत्र्यांचे भाव विचारू नका. पण ते सगळं सोसलं. सुपारीचं रोप लावलं की फळाला पाच-सात वर्षं. आंब्या-फणसाचं तर विचारूच नका. काकांनी त्याच पावसाळ्यात रोपं लावली. मी म्हटलं, कशाला, तुम्ही खाणार आहात का? ते म्हणाले, मी खाल्ली ती काय मी लावली होती?

रोपं आता माझ्या डोक्याच्या वर आहेत. वाडीत दुपारी अजून ऊन येतं, पण तुकड्या-तुकड्यांत.


सव्वाआठची लोकल
११ जून, रात्री ९:०२

वाचलं. काय लिहू कळत नाही. काकांना नमस्कार सांगा.


हिरवळ
१२ जून, सकाळी ११:१०

शेवटी निसर्ग सूड घेतोच. माणसानं त्याला इतकं ओरबाडलंय की आता तो कोपलाय. हे तर ट्रेलर आहे.


रोठा
१२ जून, सकाळी ११:३५

हिरवळ, राग मानू नका. आमच्या काकांनी आयुष्यात एक झाड विनाकारण तोडलं नाही. सूडच घ्यायचा होता तर पत्ता चुकला म्हणायचं.


कृष्णाकाठ
१२ जून, दुपारी ३:४५

रोठा भावा, जिंकलास.

सांगलीचा आहे. आमच्याकडं मिमी कोण विचारत नाही, फूट विचारतात. "आयर्विनला किती?" एवढाच प्रश्न. पूल १९२९ चा. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. पावसाळ्यात सांगलीत जन्मलेल्या पोराला आई-बाबाच्या आधी हे दोन आकडे शिकवतात म्हटलं तरी चालेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. २००५ चा पूर मी बघितला होता, दुकानाच्या भिंतीवर तेव्हाच्या पाण्याची रेघ रंगानं मारून ठेवली होती. गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवायचो, हे बघा, एवढं आलं होतं. सगळा माल त्या रेघेच्या वर फळ्या ठोकून चढवला आणि निवांत झोपलो. हीच चूक. मला वाटलं नदीला ती रेघ माहिती आहे.

सगळ्यात विचित्र काय, तर आमच्याकडं अधूनमधून उघडीप असायची. ऊन पडायचं आणि पाणी चढायचं. रस्त्यावरच्या खांबाला खूण करून बसायचो, तासाला चार बोटं, पाच बोटं. आवाज नाही, वारा नाही, काही नाही. रोठाच्या वाऱ्यासारखा आरडाओरडा नाही. नुसतं येतं. मांजर येतं तसं. कारण तो पाऊस आमचा नसतोच. कोयनेचं पाणी कराडला प्रीतिसंगमावर मिळतं, वारणेचं आमच्या हरिपूरला मिळतं, आणि कृष्णा स्वतः कुठून येते? महाबळेश्वरवरनं, धोमवरनं. म्हणजे वहीवाले, तुमच्या वडिलांनी सकाळी जे लिहिलं ते दोन-एक दिवसांनी आमच्या उंबऱ्याला लागतं. गुरुजींचा आकडा मला कुणी फोन करून सांगितला असता तर फळ्या आणखी वर ठोकल्या असत्या!

हिरवळताई/दादा, सुडाचं म्हणाल तर मी नदीची बाजू घेतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत कुणी प्लॉट पाडले, भराव कुणी टाकला? नदी तिच्या घरी आली. आपण तिच्या हॉलमध्ये बसलो होतो.


हिरवळ
१२ जून, संध्याकाळी ५:२०

मग मी वेगळं काय म्हटलं? तुम्ही नदीची बाजू घेताय म्हणजे चूक माणसाचीच झाली ना.


कृष्णाकाठ
१२ जून, संध्याकाळी ५:४०

चूक माणसाची, हे कबूल. पण नदीला राग आला होता हे कबूल नाही. राग आला असता तर प्लॉट पाडणाऱ्याच्या बंगल्यात आधी शिरली असती. तो उंचावर राहतो.


बालाघाटकर
१३ जून, सकाळी ६:३०

आमचा बीड जिल्हा. मला विजेबद्दल विचारायचंय ढगाआड साहेबांना.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली ती सगळ्यांना आठवत असंल. गहू, हरभरा, शाळू काढणीला आलेला. लिंबाएवढ्या गारा, पंधरा-वीस मिनिटं. शेतात पांढरी सतरंजी. पोरं गारा खात होती आणि म्हातारा धुऱ्यावर बसून होता. ते एक. पण त्याच्याआधी एका वळवाच्या पावसात आमच्या लिंबाखाली बांधलेल्या दोन म्हशी आणि एक बैल जागेवर गेले. मी त्याच झाडापासून वीस पावलांवर गोठ्यात, मला नुसता झिणका. झाडाची फक्त साल सोलली. जनावरंच का गेली? गावात कुणी काय, कुणी काय बोललं. देवाचं नाव घेतलं, करणीचं घेतलं.


ढगाआड
१३ जून, सकाळी ८:१०

करणी नाही. अंतर.

वीज झाडातून जमिनीत उतरली की थांबत नाही, मुळांभोवती जमिनीतून पसरते. बुंध्याजवळ दाब जास्त, लांब कमी. उभ्या जनावराचे पुढचे आणि मागचे पाय यांच्यात चार-पाच फुटांचं अंतर. एक पाय जास्त दाबावर, एक कमी, मग प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि वाटेत काळीज असतं. माणसाचे दोन पाय जवळ असतात, म्हणून तुम्हाला झिणका. म्हणून उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून, उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. झाडाखाली तर मुळीच नाही, ना माणूस ना म्हैस.

चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की काम सोडून घरात. फोनवर दामिनी घ्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय, आसपास वीज पडत असेल तर कळवतं.

वहीवाला, एक विचारू? पहिल्या दिवसापासून डोक्यात आहे. चार लिटरची बाटली दोनशे चौसेमीच्या नरसाळ्याखाली २०० मिमीला भरते. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिमी झाला, म्हणजे तुमच्याकडे बाटली भरणारच. पण मुरलेला निरीक्षक अशा दिवशी साडेआठची वाट बघत नाही. दर तीन तासांनी उठतो, बाटली रिकामी करतो, बेरीज मांडतो. वडिलांना हे पक्कं माहीत असणार. आधीच्या वह्यांत अशा बेरजा असतील बघा. मग त्याच रात्री बाटली का बदलली नाही?


वहीवाला
१३ जून, रात्री १०:५०

आहेत. २००५ च्या वहीत आहेत, २०१९ च्या वहीत आहेत. एका रात्रीत तीन-तीन आकडे, खाली रेघ, बेरीज. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आपला "आकड्याच्या पलीकडचा पाऊस" वगैरे मनात म्हणत होतो.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "ते घरी कुठे होते त्या रात्री?"

ओढ्यापलीकडे, डोंगराच्या कुशीत सात घरं आहेत. त्या रात्री जिल्ह्यात दरडी कोसळत होत्या. पाटणकडचं आंबेघर, मिरगाव सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे तेव्हा काही कळलेलं नव्हतं, लाइट नव्हती, फोन नव्हता. बाबांनी अकराच्या सुमाराला बाटली एकदा काढली, मोजली, आणि आईला म्हणाले, तीन तासांत एवढं म्हणजे वरची माती धरणार नाही. दोन पोरं बरोबर घेतली आणि ओढ्याच्या वरच्या साकवावरून पलीकडे गेले. म्हातारी माणसं ऐकेनात, घर सोडायला तयार नाहीत. पहाटेपर्यंत एकेकाला आणून शाळेत बसवलं. आई म्हणाली, ते आले तेव्हा आठ वाजले होते, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पहिले अंगणात गेले. बाटली वाहत होती. तिच्याकडे बघून हसले म्हणे.

अकराचा तो आकडा त्यांनी लिहिलाच नाही. अर्धवट बेरीज वहीत नको म्हणून असेल. त्यांचा स्वभाव तसाच होता.

दरड आली का, हे मी आईला विचारलं. म्हणाली, "आली ना. पण बाजूनं. घरं आहेत अजून." आणि भाजीकडे वळली.


रोठा
१३ जून, रात्री ११:२०

_/\_


माणदेशी
१४ जून, सकाळी ६:१५

वहीवाले, त्या सात घरांत आता पाऊस कोण मोजतं?


वहीवाला
१४ जून, सकाळी ९:००

कुणीच नाही. हिरव्या शाईचा पोरगा पलीकडचाच आहे, आता बाप्या झालाय. दुसरी बाटली आणि नरसाळं त्याच्याकडे बसवायचं काल बोललो. तो म्हणाला, "सरांनी वेगळी शाई दिली होती, ती पण द्या."

आज: २.४. पहिला. भुरभुर पडला रात्री, पण मातीचा वास घरभर.


कृष्णाकाठ
१४ जून, सकाळी ९:२०

त्या पोराला माझा नंबर व्यक्तिगत निरोपातनं पाठवतो. दीडशेच्या वर गेलं की एक मिसकॉल.


चष्मिष्ट
२ जुलै, सकाळी ८:४५

धागा वर काढतोय. ढगाआड, बाल्कनीत शीतपेयाची बाटली कापून ठेवली. बायकोला वाटतंय मला काहीतरी झालंय. आज सकाळी ६ मिमी. पण रात्री त्यावर कबुतर बसलं होतं. ६ धरायचे का?


ढगाआड
२ जुलै, सकाळी ९:१०

धरू नका. कबुतरामुळे नाही, बाल्कनीमुळे. वरच्या मजल्याच्या पन्हाळीचं पाणी येतं, शिवाय भिंत वारा अडवते. बाटली उघड्यावर ठेवा, भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. आणि तळाला फुगीर बाटली नको, सरळ बाजूची घ्या, नाहीतर पट्टी खोटं बोलते.


चष्मिष्ट
२ जुलै, सकाळी ९:२५

उघड्यावर म्हणजे गच्ची. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे. सेक्रेटरीशी मांडवाच्या भाड्यावरून बोलणं बंद आहे. बघतो.


वहीवाला
२ जुलै, सकाळी ९:३०

आमच्याकडे ८८.६. पलीकडे ९१.०, हिरव्या शाईत.


माणदेशी
२ जुलै, सकाळी ९:५०

०.०. ढग आले, बघून गेले.


चष्मिष्ट
२ जुलै, रात्री ८:०५

किल्ली मिळाली. सेक्रेटरी म्हणतो त्यालाही एक बाटली कापून द्या.